समुद्र राहू द्या, पाण्याच्या उगमाकडे वळा

पत्र

मी ५६ वर्षांची, नाशिकची. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. रविवारी गटाबरोबर चाळीसेक किलोमीटर सायकल चालवते, पंढरपूरची सायकलवारीही केली आहे. मुलगा फ्रान्समध्ये तुलूझला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने बेत आखून ठेवलाय: तुलूझपासून समुद्रापर्यंत कनाल द्यु मिदी या जुन्या कालव्याच्या काठाने २४० किलोमीटर, ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकलींवर, तीन दिवसांत. "आई, सगळं सपाट आहे, तुला सहज जमेल," म्हणतो. यांचं म्हणणं, हातपाय मोडून घ्यायला परदेशात कशाला जायचं, पॅरिस बघू आणि परत येऊ. मला मनापासून जायचंय, पण रोज ८० किलोमीटर, तेही कच्च्या वाटेने, झेपेल का? मध्ये जंगल, निर्जन भाग लागतो का? इथून ग्रॅव्हल सायकल घेऊन जावी का? आणि मुलाचा एवढा उत्साह, त्याला नाही कसं म्हणू?

- सायकलवाली आई, नाशिक

उत्तर

ताई, जा. नक्की जा. फक्त मुलाने आखलाय तसं जाऊ नका.

"सगळं सपाट आहे" हे तो खोटं बोलत नाहीये. कालवा सपाटच असतो, चढ आला की बंधाऱ्याचे दरवाजे लावून पाणी पायरीपायरीने चढवायचं आणि उतरवायचं. तुम्हाला त्रास होईल तो चढाचा नाही, वाटेच्या पोताचा. तुलूझहून निघालात की पोर-लोरागेपर्यंतचे साधारण ५० किलोमीटर गुळगुळीत डांबरी सायकलमार्ग आहे. लहान मुलं, कुत्री फिरवणारे आजोबा, ऑफिसला निघालेली माणसं, सगळे त्यावर असतात. पुढे कास्तेलनोदारी, मग कार्कासॉन, तिथपर्यंत एकूण १०५ किलोमीटर होतात. हा भाग कच्चा आहे, पण बराचसा दाबून बसवलेल्या बारीक खडीचा. तुमच्यासारखी वारी केलेली बाई तो आरामात काढेल.

खरी परीक्षा कार्कासॉननंतर. त्रेब, ओम्स, ल सोमाय अशी गावं घेत कालवा वळणं वळणं करत बेझिएकडे जातो, आणि काठची वाट कित्येक ठिकाणी फूटभर रुंदीची पायवाट होते. एका अंगाला द्राक्षमळ्याचा बांध, दुसऱ्या अंगाला पाणी. त्यात मुळं. प्लेन नावाच्या थोराड झाडांची मुळं वाटेला आडवी येतात, मनगटाएवढी जाड, वरून पायाखाली घासून घासून गुळगुळीत झालेली. पानांतून उन्हाचे कवडसे पडलेले असले की मूळ कुठलं आणि सावली कुठली हे चाक आपटेपर्यंत कळत नाही. पाऊस पडून गेला असेल तर त्यावरून चाक तिरकं गेलं की घसरलंच. पाणी खोल नाही, पुरुषभर असेल, पण त्यात पडायची हौस कुणाला आहे!

आता मुलाचं गणित मांडून बघा. रोज ८० म्हणजे दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच तुम्ही कार्कासॉन ओलांडलं, आणि तिथून पुढचं अंतर थकलेल्या अंगाने, वाईट वाटेवर. नाशिकच्या डांबरावर तुम्ही ताशी अठरा-वीसने जात असाल तर मुळांच्या भागात दहावर याल. ८० किलोमीटरला आठ तास नुसतं सॅडलवर. त्यात जेवण, पाणी, फोटो, एखादं पंक्चर धरलेलंच नाही. हे तिशीतल्या माणसालाही सुखाचं नाही; फक्त तिशीतला माणूस ते कबूल करत नाही.

सावलीचंही सांगते, कारण फोटो बघून सगळ्यांना वाटतं, कालव्यावर अखंड हिरवी कमान आहे. ती होती. या कालव्याच्या काठी सुमारे ४२ हजार प्लेनची झाडं होती. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा रोग लागल्याचं लक्षात आलं. या रोगाला औषध नाही. झाड तोडून जागेवरच जाळायचं, आजूबाजूचीही काढायची, एवढाच उपाय. तेव्हापासून हजारो झाडं गेली. नवी लावताहेत, त्यातली काही रोगाला दाद न देणाऱ्या जातीची आहेत, पण त्यांची सावली पडायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. त्यामुळे कार्कासॉनच्या पुढे मैलोन्‌मैल उघड्यावर चालवावं लागतं. मे महिन्यात चालून जाईल. जुलै-ऑगस्टचा बेत असता तर मी सरळ नको म्हटलं असतं.

मग काय करायचं? माझं म्हणणं, वाटेतच समुद्राकडे पाठ फिरवा आणि हे पाणी जिथून येतं तिकडे जा.

तुलूझपासून ५० किलोमीटरच्या थोडं पुढे नोरूझ नावाची जागा लागते. हा कालव्याचा सर्वांत उंच बिंदू, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. इथून पाण्याची एक धार अटलांटिककडे जाते, दुसरी भूमध्य समुद्राकडे. आणि कालवा बांधणाऱ्यांपुढचा मोठा पेच इथेच होता: माथ्यावर पाणी आणायचं कुठून? पिएर-पॉल रिके हा माणूस इंजिनिअर नव्हता, मिठाचा कर गोळा करणारा मक्तेदार होता. त्याने उत्तरेकडच्या 'काळ्या डोंगरा'तले ओढे अडवले आणि अरुंद पाटांनी ते पाणी थेट नोरूझला आणून सोडलं. १६६६ मध्ये चौदाव्या लुईने परवानगी दिली, तेव्हा रिकेने पन्नाशी ओलांडली होती. हे पाणी साठवायला सँ-फेरेओलचं धरण १६६७ ते १६७२ या काळात उभं राहिलं. टोपल्यांनी माती वाहणाऱ्या मजुरांमध्ये बायकाही होत्या. १६८१ मध्ये कालवा खुला झाला, पण रिके त्याच्या काही महिने आधीच वारला होता. १९९६ पासून हा कालवा जागतिक वारसा यादीत आहे.

हे पाट अजून वाहतात, आणि त्यांच्या काठाने वाट आहे. सपाटीवरच्या पाटाला 'रिगोल द ला प्लेन' म्हणतात, डोंगरातल्याला 'रिगोल द ला मोंतान्य'. नोरूझहून रेवेल गावापर्यंत पहिला पाट साधारण ३८ किलोमीटर. आपल्या गंगापूरच्या पाटासारखा रुंद नाही, चार-पाच हात रुंदीचं संथ पाणी, वरून ओक आणि ॲशच्या फांद्या, खाली मऊ माती आणि पालापाचोळा. दोन्ही बाजूंना गव्हाची आणि सूर्यफुलाची शेतं. मध्येच लाँक्लासचं तळं लागतं, तिथे बसून डबा खायचा. कालव्यावर भेटणारी भरधाव टोळकी या वाटेला फारशी येत नाहीत.

रेवेलहून सँ-फेरेओलच्या तलावाला जायला तीनेक किलोमीटरचा चढ आहे, चांगलाच खडा. उतरून सायकल ढकललीत तरी कुणी नाव ठेवणार नाही. तलावाकाठी मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून ले कामाझ गावापर्यंत चढा. तोही चढच आहे, पण अंगावर ओझं नसेल. गावाशी पाट एका बोगद्यातून डोंगरापार जातो. वोबाँ या लष्करी इंजिनिअरने तो १६८० च्या दशकात खोदला, लांबी फक्त १२२ मीटर. त्याच्या पलीकडे, पाण्याच्या उलट दिशेने, तुम्ही विचारलेलं जंगल सुरू होतं. बीचची उंच, सरळ झाडं, थंड हवा, आणि डोंगराच्या कुशीतून वळत जाणारी सपाट वाट. पाट उताराला अगदी हळूहळू जातो, म्हणून त्याच्या काठचा रस्ताही चढउताराशिवाय डोंगर फिरवून आणतो. हवं तितकं जायचं आणि त्याच वाटेने मागे फिरायचं.

या जंगलाची भीती बाळगू नका. इथे त्रास झालाच तर तो गोचिडीचा. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत नीट बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढायची, तेल-रॉकेलचे प्रयोग नकोत. नंतरच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकंदळ पसरताना दिसलं तर डॉक्टर. शिकारीचा मुख्य मोसम शरद ऋतूत सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो, तेव्हा रानडुकरांसाठी माणसं बंदुका घेऊन उभी असतात. तुम्ही मेमध्ये जाताय. फोनची रेंज मात्र दरीत जाते, म्हणून नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या. मदतीचा नंबर ११२.

आता सायकल. इथून विकत घेऊन, खोक्यात बांधून, विमानाचं जादा भाडं भरून नेऊ नका. तुलूझला भाड्याने मिळतात, मुलाला आधीच ठरवून ठेवायला सांगा. टायर ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत, मुळांच्या वाटेला जाणार नसाल तर ३८ चे हायब्रिडही चालतील. हवा मात्र डांबरासारखी टणक भरू नका. नाशिकला तुम्ही ७०-८० पीएसआय भरत असाल; तिथे ३५-४० च्या आसपास ठेवा. जास्त हवेचं चाक खडीवर उडतं, कमी हवेचं खडीला धरून बसतं. एकच गोष्ट घरून न्या: तुमचं स्वतःचं सॅडल. पाच मिनिटांत बदलतं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही मला दुवा द्याल.

सायकल हातात आली की सगळ्यात आधी ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये उजव्या हाताला मागचा. डांबरावर हा फरक चालून जातो. खडीवर घाबरून डाव्या हाताने करकचून दाबलंत तर पुढचं चाक जागेवर थांबेल आणि तुम्ही थांबणार नाही. पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत नुसते ब्रेकच दाबून बघा. वाहतूक उजवीकडून असते हे वेगळं सांगायला नको, पण चौक ओलांडताना सवयीने मान चुकीच्या बाजूला वळते, तेवढं सांभाळा. खेड्यांत काही चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, त्याच्या पुढ्यात थांबायची पाटी नसेल तर.

खडीवर चालवायचं तंत्र फार नाही. हँडल घट्ट आवळायचं नाही. पुढचं चाक थोडं नाचतं, ते नाचू द्यायचं. नजर चाकाच्या पुढ्यात नको, आठ-दहा हात लांब. मूळ दिसलं की पेडल थांबवून दोन्ही पाय समपातळीत, ढुंगण सॅडलवरून जरासं उचललेलं, आणि चाक मुळाला शक्यतो काटकोनात. ब्रेक मुळाच्या आधी, मुळावर नाही. याची तयारी नाशिकलाच होईल. आत्तापासून रविवारच्या चाळीसपैकी दहा किलोमीटर तरी पाटाच्या कडेने किंवा मळ्यांतल्या कच्च्या रस्त्याने काढा. आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवार लागोपाठ चालवा. तुमच्या पायात दम आहे, तो वारीने दाखवलाय. सलग दुसऱ्या दिवशी बूड आणि मनगटं काय म्हणतात, ते कळायला हवं.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा, बाहेरून आलेल्यांना याची कल्पना नसते. तुलूझ ते कास्तेलनोदारी या पट्ट्यात 'ओताँ' नावाचा आग्नेयेकडचा वारा सुटतो आणि सुटला की दिवसच्या दिवस थांबत नाही. तो तुलूझहून निघणाऱ्याच्या थेट तोंडावर. अंदाजात ओताँ दिसला तर हट्ट करू नका. सायकली घेऊन लोकल गाडीने कास्तेलनोदारीला जा, सगळा बेत उलटा करा आणि शेवटच्या दिवशी वारा पाठीवर घेऊन तुलूझला या. या लोकल गाड्यांना टीईआर म्हणतात. त्यांत सायकल चढवता येते, जागा मोजक्या असतात म्हणून गर्दीची वेळ टाळा. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते.

बायकांना जो प्रश्न पडतो आणि पुरुष लेखक ज्याचं उत्तर देत नाहीत, तो स्वच्छतागृहांचा. पोर-लोरागेला कालव्याला लागूनच मोटरवेचा मोठा थांबा आहे, तिथे उत्तम सोय आहे. गावांत चर्चजवळ किंवा बाजारचौकात सार्वजनिक असतात, कॅफेत कॉफी घेतली की त्यांचंही वापरता येतं. रिगोलच्या वाटेवर मात्र झाडी आहे आणि देव आहे. पाण्यासाठी एक युक्ती: गावाच्या कबरस्तानात फुलांना पाणी घालायला नळ असतो, सायकलवाले बाटल्या तिथेच भरतात. वर 'नॉन पोताब्ल' असं लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका, डोक्यावर ओता.

खाण्याचं लिहिलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर ऐका. कास्तेलनोदारीचं प्रसिद्ध कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची मंद आचेवर शिजवलेली उसळ, हे ऐकून हुरळू नका. त्यात बदक आणि डुक्कर दोन्ही असतं, चरबीसकट. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी जेवण मागवणार असाल तर आरक्षण करतानाच स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही. हॅम वेगळं लिहायचं, नाहीतर बटाट्यात तुकडे येतात. दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, त्यानंतर स्वयंपाकघर बंद, मग कितीही गयावया करा. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, सोमवारी कित्येक बेकऱ्याही बंद. रिगोलच्या ३८ किलोमीटरमध्ये वाटेवर दुकान असं नाहीच. थेपले, दशम्या, दाण्याची चिक्की हे ओझं इथूनच बांधून न्या, ते सॅडलइतकंच कामाचं आहे.

यांचं काय करायचं? त्यांना सायकलवर बसवायचा आग्रह नको. बसायचं असेल तर ई-बाइक भाड्याने मिळते आणि सँ-फेरेओलच्या चढावर ते तुमच्या पुढे जातील, याची मात्र तयारी ठेवा. नाहीतर सूनबाई किंवा मुलाचा एखादा मित्र गाडीने सामान घेऊन तलावाशी येणार असेल तर हेही त्या गाडीत. धरणाच्या भिंतीवर फिरतील, कॉफी पितील, संध्याकाळी तुमची वाट बघतील. "हातपाय मोडून घ्यायचे" हे वाक्य मला काळजीपेक्षा मागे एकटं पडायच्या धास्तीचं वाटतं. बेतात त्यांची जागा ठेवलीत की ते आपोआप बंद होईल. प्रवासविम्यात भाड्याच्या सायकलवरचा अपघात धरलाय का, तेवढं त्यांनाच तपासायला सांगा. कागदपत्रांचं काम दिलं की नवरे मंडळी खूश असतात.

राहता राहिला मुलगा. त्याला मेसेज लिहीत बसू नका, फोन करा, आणि "मला जमणार नाही" ने सुरुवात करू नका, कारण त्यावर तो "जमेल गं" म्हणणार आणि विषय संपणार. त्याला एक काम सांगा. येत्या एखाद्या शनिवारी गाडीने कार्कासॉनला जा, आणि तिथून ओम्सपर्यंत एकटा चालवून ये, किती वेळ लागला ते मला कळव. चाळीस किलोमीटरच आहेत. संध्याकाळी त्याचा फोन येईल तेव्हा बेत बदलायचा विषय तोच काढेल. तेव्हा नोरूझ, रेवेल, सँ-फेरेओल ही नावं त्याच्यासमोर ठेवा. पहिला दिवस तुलूझ ते पोर-लोरागे, दुसरा रिगोलने सँ-फेरेओल, तिसरा बिनओझ्याचा ले कामाझ आणि जंगल, चौथा उताराने कास्तेलनोदारी आणि तिथून गाडीने घरी. त्याला समुद्र हवाच असेल तर पुढच्या वर्षी मित्रांबरोबर जाऊ दे, तीन दिवसांत जाऊ दे.

तारखा ठरवताना फक्त एवढं बघा की चौथा दिवस शनिवार येईल. तलावावरून उतरून सकाळी नऊपर्यंत रेवेलला पोहोचा. गावाच्या मधोमध चौदाव्या शतकातला लाकडी खांबांचा बाजारमंडप आहे, त्याखाली आणि भोवतीच्या चौकात त्या दिवशी बाजार भरतो. चेरी, बकरीच्या दुधाचं चीज, ताजा पाव घ्या आणि मग कास्तेलनोदारीचा रस्ता धरा. दुपारी एकनंतर गेलात तर रिकामी खोकी गोळा करणारी माणसं तेवढी दिसतील.